जिन्याखालची येझदी

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. रविवारी सकाळीच काचीगुड्याहून मामींचा फोन आला. मामी मूळच्या धारवाडकडच्या. गडबडीत असल्या की त्यांचं मराठी मध्येच कन्नडकडे वळतं. ‘मने खाली माडबेकु,’ म्हणाल्या आणि मग पुन्हा मराठीत, ‘अगं, घर बिल्डरला दिलंय. संक्रांतीच्या आत रिकामं करायचं. सगळं बांधून झालं, जिन्याखालची ती गाडी तेवढी राहिलीय. भंगारवाला दोनदा येऊन गेला. तुझे मामा हो म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत. तू ये.’

ती गाडी म्हणजे मामांची येझदी. १९८४ साली घेतलेली, मोरपंखी रंगाची, दोन सायलेन्सरची. मामा लाल्लागुड्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. काचीगुड्याहून लाल्लागुड्याला रोज याच गाडीने जायचे, २००६ साली निवृत्त होईपर्यंत. पुढे मोतीबिंदू झाला, हाताला कंप आला आणि २०१४ साली गाडी जिन्याखाली गेली. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर मामींचे पापडाचे डबे.

शाळेतून आठ दिवसांची रजा काढली आणि बिदरहून निघाले.

स्टेशन, चौरस्ता आणि चार भाषा

आमच्या लहानपणी बिदरची बस गौळीगुड्याच्या स्टँडवर थांबायची. पत्र्याचं अवाढव्य अर्धगोल छप्पर, मूळचं विमानासाठी बनवलेलं. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली, त्या काळाची ती आठवण. जुलै २०१८ मध्ये ते छप्पर एका पहाटे कोसळलं. आत कोणी नव्हतं हे नशीब. आता उतरायचं ते इमलीबनच्या महात्मा गांधी बसस्थानकात. तिथून रिक्षाने काचीगुडा हाकेच्या अंतरावर.

काचीगुड्याची खूण म्हणजे तिथलं रेल्वे स्टेशन. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत १९१६ साली ते बांधलं. घुमट, मिनार, कमानी. गाडी पकडायला आलोय की राजवाडा बघायला, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. एकेकाळी मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेज गाड्या इथूनच सुटायच्या. मराठवाड्यातला माणूस हैदराबादेत पहिलं पाऊल टाकायचा ते बहुधा इथेच. मग जवळच कुठेतरी, सुलतान बाजारात, बडी चावडीला, बरकतपुऱ्यात, तो खोली घेऊन राहायचा.

म्हणून या भागात आपल्या माणसांच्या खुणा फार. जामबागला विवेक वर्धिनी, १९०७ सालची मराठी शाळा. इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय, १९२२ चं. आणि खुद्द काचीगुड्यात कर्नाटक साहित्य मंदिर आणि नृपतुंग यांच्या नावाची कन्नड शाळा. नृपतुंग म्हणजे राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष. त्याची राजधानी मळखेड, म्हणजे आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. बिदर, कलबुर्गी, रायचूर म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आणि तेलंगण आंध्रात. नकाशे बदलले, पण सोयरिकी कशा बदलणार? मामांच्या घरात आजही मामा मराठीत विचारतात, मामी कन्नडमध्ये उत्तर देतात, शेजारी तेलुगूत बोलतात आणि भाजीवाल्याशी सगळे मिळून दखनीत घासाघीस करतात.

येझदीवरूनही त्या घरात जुना वाद होता. मामा म्हणायचे, ही मूळची चेक देशाची गाडी. मामी म्हणायच्या, छे, आमच्या म्हैसूरची! दोघांचंही बरोबर. जावा ही चेक कंपनी १९२९ सालची. रुस्तम इराणी यांनी म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ साली जयचामराज वडियार यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आधी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने तिथे गाड्या बनल्या. येझदी हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आलं. १९९६ साली कारखाना बंद पडला. आता जावा २०१८ पासून आणि येझदी २०२२ पासून नव्या रूपात पुन्हा आल्या आहेत, पण त्या नव्या गाड्या चार स्ट्रोकच्या. जिन्याखालची होती ती जुनी, दोन स्ट्रोकची, धूर आणि आवाज करणारी.

मामांची अट

मी पोचले तेव्हा मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पाया पडले. चहा झाला. मग मीच विषय काढला, ‘मामा, गाडी कोणाला द्यायचीय?’

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामेभाऊ अमेरिकेत, त्याला गाडी नको होती. ‘फोटो काढून ठेवा आणि विका,’ असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

‘ज्याला ती उघडता येत नाही त्याला मी देणार नाही,’ मामा शेवटी म्हणाले. ‘त्यापेक्षा भंगार बरं.’

इथे थोडं मागचं सांगायला हवं. १९९३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बारा वर्षांची होते, मामेभाऊ चौदाचा. दर रविवारी मामा गाडी उघडायचे आणि आम्ही दोघं मदतीला. पाने ओळीने मांडणं, प्लग पेट्रोलने पुसणं, वायसर वाटीत ठेवणं ही माझी कामं. दहा-अकराचा पाना कुठला हे मी डोळे मिटून सांगायची. दोन वर्षांनी मामांनी मुलाला उस्मानिया विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकवली. मी हट्ट धरला, तेव्हा बिदरहून बाबांचं पत्र आलं, मुलीला हे असलं शिकवू नका. मामांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. पुढे मी गिअरच्या स्कूटरवर लायसन्स काढलं, नोकरीला लागले. गाडी बिघडली की गॅरेजला देणाऱ्यांतली झाले.

‘त्या वेळी तुझे बाबा नको म्हणाले, मी गप्प बसलो,’ मामा म्हणाले. ‘गप्प बसायला नको होतं. आता अट एकच. मी हात लावणार नाही, मेकॅनिकही लावणार नाही. तू उघड, तू चालू कर. चालू झाली तर तुझी.’

‘आणि नाही झाली तर?’

‘भंगारवाला शनिवारी येतोय.’

घाई केली की गाडी रुसते

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी बाहेर काढली की सगळ्यांना पहिला मोह होतो तो किक मारून बघायचा. मामांनी पहिलीच ताकीद दिली, किकला पाय लावायचा नाही. आत गंज असेल तर पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही ओरखडतात.

प्लग काढला. त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल आणि थोडं डिझेल आत सोडलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवून पाहिलं. ढिम्म. पिस्टन जाम. पुन्हा तेल, पुन्हा वाट बघणं. तिसऱ्या दिवशी दुपारी चाक बोटभर सरकलं. तेवढ्याने मी ओरडले, तर मामी आतून धावत आल्या.

तोवर बाकीची कामं चालू होती. टाकीतलं जुनं पेट्रोल उडून जाऊन तळाशी डिंकासारखा थर राहिला होता. टाकी उतरवली, आत मूठभर जुने नट आणि डिझेल घालून गोधडी धुवावी तशी दोघींनी दोन बाजूंनी धरून हलवली. लालभडक पाणी निघालं. चार वेळा केल्यावर स्वच्छ. कार्बोरेटर खोलून जेट पेट्रोलमध्ये भिजत घातले. जेटच्या भोकात तार घालू नये, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल जास्त पिते. हवेच्या फुंकरीने साफ करावं. ब्रेकच्या ड्रममधली धूळ मात्र तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसायची.

ही कामं कोणालाही घरी करता येतात. त्याला लागतो पान्यांचा एक संच, फिलर गेज, वाट्या आणि वेळ. काढलेला प्रत्येक भाग ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडावा. आता खिशात मोबाइल आहे, प्रत्येक टप्प्याला फोटो काढावा. मामांच्या काळी ते वहीत चित्र काढायचे. ती वही मामींनी पेटीतून शोधून दिली. कारखान्याच्या शिस्तीतली, आकडे मराठीत, कडेला मामींच्या अक्षरात कन्नडमध्ये किराण्याचा हिशेब.

जामबागचा बाजार

चौथ्या दिवशी मी सामान आणायला जामबागला गेले. पुतलीबावली, गौळीगुडा, जामबाग हा सगळा पट्टा गाड्यांच्या सुट्या भागांचा. विवेक वर्धिनीत मराठी व्याकरण शिकलेली पिढी आणि क्लचप्लेटा विकणारी दुकानं एकाच रस्त्याची.

एका चाचांच्या दुकानात यादी पुढे केली : पॉइंट, कंडेन्सर, क्रँकचे ऑइल सील, हेड गॅस्केट, ब्रेक शू, पेट्रोलचा पाइप, प्लग दोन. त्यांनी यादी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘येझदी? अब कौन चलाता अम्मा?’

‘मैं.’

‘हौ?’ म्हणाले आणि पोऱ्याला वरच्या माळ्यावर चढवलं.

कारखाना १९९६ मध्ये बंद झाल्यामुळे अस्सल म्हैसूरचा माल म्हणजे कोणाच्या तरी माळ्यावर राहून गेलेली पुडी. बाकी सगळं लहान कारखान्यांनी नमुन्यावरून बनवलेलं. ते वाईटच असतं असं नाही, पण मापून घ्यावं लागतं. जुना भाग सोबत न्यावा आणि शेजारी ठेवून पाहावा. रबरी सील बोटाने दाबून पाहावं. कडक झालेलं असेल तर नवं असूनही कामाचं नाही. चाचांनी स्वतःच एक सील बाजूला काढलं, ‘ये नक्को लो, सूख गया.’ असा दुकानदार मिळाला की त्याला सोडू नये.

पेट्रोलच्या पाइपबद्दलही त्यांनी सांगितलं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्याला सोसत नाही, फुगतं किंवा चिरतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये. त्याला टिकणारा पाइप थोडा महाग पडतो. तोच घेतला.

आटे गेले!

पाचव्या दिवशी सगळं जोडत आणलं. पॉइंटचं अंतर फिलर गेजने ०.४ मिलिमीटर ठेवलं. मामा बाजूला बसून फक्त ऐकत होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना जवळचं नीट दिसत नाही. शेवटी प्लग बसवायचा होता. घाई झाली. मी सरळ पाना लावून फिरवला. किंचित ‘कुर्र’ आवाज झाला.

‘थांब,’ मामा म्हणाले.

उशीर झाला होता. प्लग तिरका शिरला आणि अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले. मी तो काढून हातात घेतला, आट्यांत चंदेरी भुसा अडकलेला. गुरुवार होता. शनिवार दीड दिवसावर आलेला. मला रडू फुटेल असं वाटलं. मामा काय म्हणतील याची वाट बघत राहिले.

‘प्लग हातानेच बसवायचा,’ ते म्हणाले. ‘तीन-चार आटे बोटाने फिरले पाहिजेत. पाना शेवटी, नुसता आवळायला.’ थोडं थांबून म्हणाले, ‘मी पण घालवले होते. गाडी घेतली त्याच वर्षी. लाल्लागुड्याचा फिटर, आणि प्लगचे आटे घालवले! कारखान्यात सांगायची लाज वाटली म्हणून बाहेरच्या लेथवाल्याकडे गेलो.’

त्यांनी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मामींनाही नाही. मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ‘आ? हत्तु वर्ष नन मुंद दोड्ड फिटर अंत हेळतिद्रि!’ म्हणाल्या. दहा वर्षं माझ्यापुढे मोठा फिटर म्हणून मिरवत होतात की! तिघंही हसलो.

हेड उतरवून लेथवाल्याकडे दिलं. त्याने भोक मोठं करून आत बुश ठोकला आणि १४ मिलिमीटरचे नवे आटे पाडले. हेड निघालंच होतं म्हणून पिस्टनवरचा काजळीचा थर बांबूच्या चपट्या काडीने खरवडून काढला. लोखंडी पात्याने खरवडलं तर पिस्टनवर रेघा पडतात. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या, ज्यांना बॅफल म्हणतात, त्याही काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवल्या. हातमोजे घालून, आणि मुलं जवळपास नसताना. माझ्या चुकीने एक दिवस गेला, पण हे काम राहूनच गेलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी किक मारली. काही नाही. दहा वेळा, वीस वेळा. प्लग काढून हेडला टेकवून पाहिला, ठिणगी पिवळी आणि अशक्त.

‘कुठला रंग?’ मामांनी विचारलं.

‘पिवळा.’

‘निळा पाहिजे. कंडेन्सर बदलला का?’

नव्हता. जुनाच चालेल म्हणून नवा डब्यात ठेवला होता. तो बदलला. ठिणगी निळी, चटकन वाजणारी. तिसऱ्या किकला गाडी खोकली, पाचव्या किकला चालू झाली. जिना, ओटा, शेजारचं अंगण सगळं पांढऱ्या धुरात गेलं. ‘साकु, बंद माडु!’ मामी ओरडत होत्या. मामा मात्र उठले, चाचपडत आले, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून उभे राहिले. हात थरथरत होता, म्हणून मी त्यांचं मनगट धरलं.

‘डाव्या बाजूचं सील गेलंय,’ म्हणाले. ‘गिअरचं तेल आत ओढतंय, त्याचा हा पांढरा धूर. नवं आणलंयस ना? उद्या बसव.’

शनिवारी भंगारवाला आला, तेव्हा मी क्लच उघडून बसले होते. त्याने एक नजर टाकली आणि मामींकडून जुनी वर्तमानपत्रं तेवढी घेऊन गेला.

काय बदलावं, काय नाही

मामेभावाला व्हिडिओ पाठवला. त्याला एकदम उत्साह आला. अलॉय चाकं लाव, मोठा सायलेन्सर लाव, रंग बदल, अशी यादीच आली. मामांचं यावर साधं उत्तर होतं. पहिला खर्च थांबण्यावर, दुसरा दिसण्यावर, आणि उरले तर पळण्यावर.

त्याप्रमाणे आम्ही ब्रेक शू, दोन्ही टायर-ट्यूब, सगळ्या केबल आणि जुनी कुजलेली वायरिंग बदलली. दोन्ही बाजूंना आरसे आणि चांगला हॉर्न लावला. टाकीखाली पेट्रोलचा छोटा फिल्टर बसवला. रंग तोच मोरपंखी. सायलेन्सरला हात लावला नाही. बॅफल काढून फेकले की गाडी जोरात पळते असं मुलांना वाटतं. दोन स्ट्रोकच्या इंजिनात सायलेन्सर नुसता आवाजासाठी नसतो, आत गॅसचा दाब राखायलाही लागतो. बॅफल काढले की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. शिवाय कंपनीने ठरवलेली गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कागदपत्रांना २०२४ चा पावसाळा गेला. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून तपासणीला ती छोट्या टेम्पोतून नेली. नूतनीकरणाचा नमुना २५, विमा, प्रदूषणाचं प्रमाणपत्र. चासी क्रमांकाचा पेन्सिलीने घासून काढलेला ठसा. दुसऱ्या राज्यात न्यायची तर ना हरकतीचा नमुना २८, आणि नावावर करायला नमुने २९ व ३०. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा क्रमांक घ्यावाच लागतो. आपल्या सीमाभागात मामाची, सासऱ्याची गाडी तशीच वापरणारे पुष्कळ आहेत. अपघात झाला की विम्याच्या वेळी हेच आडवं येतं. कंटाळवाणं आहे, पण करून टाकावं.

त्या महिन्यांत मी दोन-चार शनिवार-रविवार काचीगुड्याला जाऊन, नोंदणी नूतन झाल्यावर, बरकतपुऱ्याच्या गल्लीत सराव केला. येझदीची किक डावीकडे असते, आणि तोच दांडा गिअरचाही. किक मारून झाली की दांडा खाली पाडायचा आणि त्यानेच गिअर टाकायचा. मामा नव्या घराच्या फाटकात खुर्चीवर बसायचे. न बघता सांगायचे, ‘दुसरा उशिरा टाकलास.’

काचीगुडा ते बिदर

दिवाळीनंतरच्या रविवारी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, पहाटे निघाले. टाकीत पेट्रोल, त्यात लिटरला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल. मामींनी शेंगाचटणी आणि दोन भाकरी बांधून दिल्या. ‘सावकाश होगव्वा,’ म्हणाल्या. सावकाश हा शब्द आपला की त्यांचा, हे धारवाडकडे आता कोणी विचारत नाही. मिस्टर आणि लेक सामान घेऊन मागून मोटारीने येणार होते.

स्टेशनच्या घुमटांवर दिवे होते. नारायणगुडा, लकडी का पूल, अमीरपेठ, कुकटपल्ली. पाटणचेरूच्या पुढे शहर सुटलं आणि हवा गार लागली. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९, आताचा ६५, पुणे-सोलापूर-हुमनाबादहून येणारा. ट्रकांच्या रस्त्यावर जुनी गाडी डाव्या कडेने ५०च्या वेगात बरी. दोन स्ट्रोकचं एक लक्षात ठेवायचं. तेल पेट्रोलमधूनच इंजिनात जातं. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरमध्येच गाडी सोडली तर इंजिन कोरडं पडतं. म्हणून अधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्यायचा. उतारावर भिस्त ब्रेकवरच.

संगारेड्डी गेलं. सदाशिवपेठेच्या अलीकडे गाडी अडखळू लागली आणि बंद पडली. मागून मोटार येऊन थांबली. ‘मेकॅनिक बघू का?’ मिस्टर म्हणाले. मी हँडलची पिशवी उघडली. प्लग काढला तर दोन टोकांच्या मध्ये काजळीचा केसाएवढा पूल झाला होता. खिशातला दुसरा प्लग बोटांनी तीन-चार आटे फिरवून बसवला, मग पाना. दुसऱ्या किकला चालू. पाच मिनिटं लागली असतील. लेक मोटारीच्या काचेतून बघत होती. पुढच्या चहाला ती म्हणाली, ‘आई, पुढच्या वेळी प्लग मी बदलते.’

जहीराबादला महामार्ग सोडला. उसाच्या गाड्या, तेलुगू पाट्या, मग कन्नड पाट्या, आणि चहाच्या टपरीवर तिसरीच भाषा. बिदरच्या चढाला माती लाल होत गेली. चढावर दुसऱ्या गिअरवर यावं लागलं, पण गाडी कुठे थांबली नाही. दुपारच्या जेवणाला घरी पोचले.

एक कबूल करायला हवं, ही रोजची गाडी नव्हे. धूर होतो, पेट्रोल जास्त लागतं. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि दोन स्ट्रोकच्या गाड्या बंद झाल्या, ते योग्यच झालं. शाळेत मी अजूनही स्कूटरनेच जाते. येझदी महिन्यातून दोन रविवार निघते. आणि महिन्यातून एक रविवार आम्ही मायलेकी ती उघडतो. पाने ओळीने मांडायचं काम लेकीचं. प्लगलाही तिचाच हात, अट मात्र तीच, आधी बोटं, मग पाना.

त्या दिवशी पोचल्यावर फोन केला. ‘पोचलीस? सुखरूप?’ हे मामींनी विचारलं. मामांनी विचारलं, ‘प्लगचा रंग?’

‘कॉफीसारखा.’

‘बरोबर आहे. चालू कर, फोन जवळ धर.’

अंगणात गाडी चालू केली आणि फोन इंजिनाजवळ धरला. मिनिटभर पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं, फोन तुटला.

‘क्लचची तार थोडी सैल कर,’ मामा म्हणाले. ‘अर्धा आटा. जास्त नको.’